वेण्णेच्या काठानं वर, कृष्णेच्या काठानं खाली

नमस्कार. मी साताऱ्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवते, वय ४६. सायकल चालवायला लागून दोन वर्षं झाली. गेल्या दिवाळीत रोडबाइक घेतली, गिअरच्या चकत्यांचे दात पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८. रविवारी एका ग्रुपबरोबर जाते. ग्रुपनं डिसेंबरात सातारा–मेढा–महाबळेश्वर–पाचगणी–वाई–सातारा अशी फेरी एका दिवसात मारायची ठरवलीय. 'दुपारी तीनच्या आत घरी' असं सगळ्यांचं पक्कं आहे. मला ही फेरी करायचीच आहे. पण यवतेश्वरच्या घाटातच मी मागे पडते, वर पोचेस्तोवर उजवा गुडघा पुढून ठणकायला लागतो, आणि सगळे माझी वाट बघत उभे असतात त्याचा संकोच वाटतो तो वेगळाच. वाटेत मेणवलीचा घाट बघू म्हटलं, तर उत्तर आलं, 'मॅडम, सायकलिंगला चाललोय, सहलीला नाही.' उताराची मला चढापेक्षा जास्त भीती वाटते. सासूबाई म्हणतात, गुडघे सांभाळ, हट्ट सोड. ग्रुप सोडू, सायकल बदलू, की बेतच सोडू?
– मागे पडणारी, सातारा

ताई, यातलं काहीच सोडू नका. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, बदला आणि एका दिवसाचे दोन दिवस करा. तुमच्या बाकीच्या बऱ्याचशा तक्रारी या दोन गोष्टींतच मिटतील.

आधी गुडघा. वाटीच्या आसपास, समोरून आणि तेही घाटातच दुखत असेल, तर बहुतेक वेळा सीट खाली असते नाहीतर गिअर जड पडत असतो. सीट घरीच तपासता येते. भिंतीला हात टेकून सायकलवर बसा, नेहमीचे बूट घाला, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे. वाकलेलाच राहिला तर सीट चार-पाच मिलिमीटर वर घ्या, आठवडाभर चालवा, मग पुन्हा बघा. एका दमात दोन सेंटिमीटर वर घ्यायची नाही, नाहीतर पुढचं दुखणं मागे जाईल. सीटपोस्टवर जुन्या जागी चिकटपट्टीची खूण करून ठेवा. एवढं करूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा गुडघ्यावर सूज दिसली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ग्रुपातला जो तो डॉक्टर असतो, त्यांचं ऐकू नका.

आता गिअर. घाटात तुमचा वेग ताशी आठ किलोमीटरच्या आसपास येत असणार. पुढे ३४ आणि मागे २८ दातांवर त्या वेगाला पाय मिनिटाला जेमतेम ५२ फेरे मारतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघा सायकल रेटतोय. मागे ३४ दात आले, की त्याच वेगाला फेरे ६३ होतात आणि दर फेऱ्याला लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी उतरतो. तुमची ताकद तेवढीच, वेग तेवढाच, गुडघ्यावरचा भार मात्र कमी. गुडघे सांभाळ हे सासूबाईंचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त त्याचा उपाय सायकलच्या दुकानात मिळतो.

दुकानात गेलात की पहिला प्रश्न विचारा: माझी आरडी (रिअर डिरेलर, म्हणजे मागची चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) किती दातांपर्यंत झेपते? ११-३४ साठी बहुतेक वेळा लाँग केजची, म्हणजे लांब पट्टीची, आरडी लागते. ती बदलायची नसेल आणि आहे ती ३२ पर्यंत चालत असेल, तर ११-३२ घ्या, त्यानंही पुष्कळ फरक पडतो. पण चेनची लांबी तपासून घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. पैसे वाचवायला जुनी आखूड चेनच ठेवली आणि चुकून पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चकतीवर गिअर पडला, तर चेन ताणून आरडीच मोडते. 'एवढा मोठा गिअर? मग चालतच जा की,' असं ग्रुपात कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. युरोपातल्या मोठ्या शर्यतीतले लोकसुद्धा हल्ली डोंगराच्या दिवशी ३०-३४ दातांच्या कॅसेट लावतात.

कॅसेट बसली की समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट पुन्हा चढा, पण ग्रुपबरोबर नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर एकट्यानं किंवा मैत्रिणीबरोबर जा. दरवर्षी हाफ मॅरेथॉनला हजारो माणसं हाच घाट पळत चढतात, त्यामुळे तुम्हाला तो नवा नाही. पहिले दोन किलोमीटर मुद्दाम रेंगाळत काढा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच दम लागू द्या. घाटात मागे पडणारे बहुतेक जण खालच्या पहिल्या दहा मिनिटांतच मागे पडलेले असतात. पुढच्याचं चाक धरून ठेवायच्या नादात ते दम घालवतात आणि पुढे तासभर त्याची फेड करत बसतात.

दोन दिवसांचं का म्हणतोय, तर त्याआधी नकाशावर ही फेरी एकदा नदीच्या अंगानं बघा. साताऱ्याहून मेढ्याला निघालात की कण्हेर धरणापासून वेण्णा तुमच्या सोबतीला येते. वेण्णा निघते महाबळेश्वरातून, आणि कृष्णाही तिथलीच. तुम्ही वेण्णेच्या काठाकाठानं चढत जाता, डोंगरमाथा ओलांडता आणि पसरणीचा घाट उतरून कृष्णेच्या खोऱ्यात येता. वाई, मेणवली, लिंब ही सगळी गावं कृष्णेच्या काठची. मग साताऱ्याच्या वेशीवर, माहुलीला, या दोघी एकमेकींना भेटतात. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासची ही फेरी सातारकरांच्या अंगणातली. ती दुपारी तीनच्या आत उरकली तर बघायचं काय, फक्त पुढच्याचं मागचं चाक?

आणि तुमच्या उताराच्या भीतीचंही उत्तर यातच आहे. एका दिवसात फेरी करणारा माणूस पाचगणीहून वाईकडे कधी उतरतो? भर दुपारी. पाय थकलेले, लक्ष उडालेलं, आणि समोरून पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग वर येत असते. पसरणीचा घाट साधारण बारा किलोमीटरचा, सरासरी उतार पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. सकाळी सातला तोच घाट जवळजवळ मोकळा असतो. म्हणून मुक्काम पाचगणीत करायचा आणि दुसऱ्या दिवशी उजाडलं की खाली यायचं.

पहिला दिवस असा. साडेसहाला पोवई नाका सोडा, डिसेंबरात तेव्हा अंधारच असतो, पुढे-मागे दिवे लावा. मेढा पंचविसेक किलोमीटर, रस्ता बऱ्यापैकी सपाट. आठच्या सुमाराला तिथं पोहे-चहा घ्या, बाटल्या भरा आणि चहावाल्यालाच वरच्या रस्त्याचं विचारा, कारण घाटात कुठे खडी टाकलीय, कुठे काम चालू आहे, हे त्याच्याएवढं ताजं कुणाला ठाऊक नसतं. पुढे केळघर, आणि तिथून घाट. या बाजूला पर्यटकांच्या गाड्या पाचगणीच्या मानानं फार कमी. झाडी दाट आहे, वळणावळणाला सावली मिळते. सुमारे साडेसहाशे मीटर उंची इथं चढायची आहे. घाईचं कारण नाही, दुपारी बारा-साडेबारापर्यंत महाबळेश्वर गाठलंत तरी उत्तम.

खाण्याचं मात्र घड्याळ लावून. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाका: राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे, चिक्की. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. केळी जर्सीच्या मागच्या खिशात ठेवत असाल तर महाबळेश्वर जवळ आल्यावर थांबून तिथेच संपवा. तिथल्या माकडांना सायकलस्वाराचा मागचा खिसा कुठे असतो हे पक्कं माहीत आहे आणि चालत्या सायकलवर झडप पडली तर केळं जातंच, तोलही जातो. या जंगलात गवेही आहेत. पहाटे किंवा तिन्हीसांजेला रस्त्यावर गवा दिसला तर लांबच थांबा. घंटी वाजवायची नाही, फोटोसाठी पुढे सरकायचं नाही. तो जाईपर्यंत थांबायचं, घाई असली तरी.

महाबळेश्वरात बाजारात शिरायची गरज नाही, जेवा आणि पुढे निघा. महाबळेश्वर ते पाचगणी हे वीसेक किलोमीटर लोक 'उताराचे' म्हणून सांगतात. उंची थोडी उतरते हे खरं, पण रस्ता सारखा वर-खाली होतो आणि सकाळचा घाट चढून आलेल्या पायांना ते छोटे चढच जास्त लागतात. वाटेत स्ट्रॉबेरी मिळेल. क्रीम घातलेला ग्लास पाचगणीत पोचल्यावर खा, मध्ये नको.

आता उतार. डिसेंबरात पहाटे वर कडाक्याची थंडी असते. वेण्णा तलावाच्या बाजूला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचताच तुम्ही. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला जातोय ते कळत नाही, म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे हवेतच. जर्सीच्या आत छातीवर कालचं वर्तमानपत्र घडी करून घाला. वारा अडवायला याच्याइतकं स्वस्त काही नाही, आणि वाईत पोचल्यावर काढून वाचताही येतं.

हात हँडलच्या खालच्या वाकावर, ड्रॉप्सवर ठेवा. तिथून ब्रेकवर जोर जास्त मिळतो आणि वजन खाली राहतं. नजर चाकासमोर नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना उतरवायचा. दोन्ही ब्रेक घट्ट दाबा, वेग आटोक्यात आला की सोडा आणि वळण मोकळ्या चाकावर घ्या. घाबरलेला माणूस काय करतो, तर वरपासून खालपर्यंत ब्रेक हलकेच धरून ठेवतो. रिम ब्रेक असतील तर त्यानं रिम इतकी तापते, की आतली ट्यूब फुटू शकते. डिस्क असतील तर पॅड तापून गुळगुळीत होतात आणि नेमके खालच्या वळणांवर धरत नाहीत. मन घाबरलं तर कडेला सुरक्षित जागा बघून थांबा, हात झटका, पाणी प्या. घाटात थांबण्यात कमीपणा काही नाही. टायरमध्ये हवाही थोडी कमी ठेवा. २८ मिलिमीटरचे टायर असतील आणि तुमचं वजन साठ-पासष्टच्या आसपास असेल, तर ६५-७० पीएसआय पुरे. शंभर भरली की चाक खडीवर उड्या मारतं.

वळणावर एसटी समोरून आली तर तिला तुमच्या बाजूचाही थोडा रस्ता लागतो, हे गृहीत धरून चाला. शिवाय घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असा नियमच आहे, आणि तुम्ही उतरणाऱ्या. रस्त्याच्या मधोमध काळपट चमकणारा डाग दिसला तर ते डिझेल समजा आणि त्यावर ना ब्रेक, ना वळण.

वाईत आठ-सव्वाआठला पोचाल. इथून पुढे दिवस तुमचा. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण तुम्ही मागच्या बाजूला जाऊन भिंत बघा. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून ती होडीच्या नाळेसारखी निमुळती केलीय. मेणवली तिथून तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेवरचा घाट आणि मेणेश्वराच्या देवळापाशी टांगलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा, वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आलेली. एक सांगतो, क्लीटचे, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले, बूट घालून त्या दगडी पायऱ्या उतरू नका. झिजलेल्या दगडावर क्लीट बर्फावरच्यासारखी घसरते, आणि दोन घाट सुखरूप पार केलेला माणूस तिसऱ्या घाटावर, तोही नदीच्या, पाय मोडून घेतो. सीटबॅगेला एक पातळ चप्पल बांधून न्या. तीच पुढे लिंबजवळच्या बारामोटेच्या विहिरीतही उपयोगी पडेल. वीरूबाई भोसल्यांनी शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ मध्ये बांधलेली ही अष्टकोनी विहीर, आणि तिच्यात चक्क महाल. उन्हातून आत उतरलं की गारवा लागतो. अर्धा तास तिथे बसाच.

मधला टप्पा मात्र कंटाळवाणा आणि सगळ्यात सांभाळण्यासारखा. वाईहून पाचवडला येऊन महामार्गाला लागायचं. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम, या पट्ट्यात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो. बाहेर आलेल्या उसाची टोकं खांद्याच्या उंचीवर असतात, मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही, आणि ती डुलते. तिच्या आडोशानं जायचा मोह होतो, वारा लागत नाही ना. तो टाळा. ओलांडायची तर पूर्ण बाजूनं, मागचं पाहून, एका दमात. महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर फुटलेल्या टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात. पंक्चर व्हायची हीच जागा, म्हणून दोन ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप जवळ हवेत. आणि ट्यूब बदलायची सवय आदल्या आठवड्यात घरी करून ठेवा, मागच्या चाकाची.

तारीख ठरवताना नाताळ ते एकतीस डिसेंबर हा आठवडा वगळा, पाचगणीत पाऊल ठेवायला जागा नसते. जानेवारीत ढकललंत तर पौष पौर्णिमेच्या आसपासचे दिवस सोडा, मांढरदेवीच्या यात्रेमुळे वाई भरून वाहते. पावसाळ्याचा मात्र विचारही नको. महाबळेश्वरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, तो जवळजवळ सगळा त्या चार महिन्यांत. दरडी आणि धुकं त्याबरोबर येतातच.

राहिला ग्रुप. त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. कुणाला घड्याळाशी खेळायला आवडतं, खेळू दे. रविवारी सपाटीवर त्यांच्याबरोबर जात राहा, चाकाला चाक लावून चालवण्याची शिस्त तिथेच अंगी येते. पण सहलीचा तो टोमणा मनाला लावून घेऊ नका. आणि एक बघा, प्रत्येक ग्रुपात तुमच्यासारखे दोघं-तिघं असतातच. घाटात दम लागतो, मेणवली बघायची असते, पण बोलत नाहीत. ग्रुपवर एवढंच टाका: 'दोन दिवसांची फेरी, पाचगणीत मुक्काम, मेणवली आणि लिंबला थांबणार, कोण येतंय?' उत्तर जाहीर येणार नाही, खासगीत येईल. पहिल्या खेपेला एकट्यानं मात्र जाऊ नका. केळघरच्या बाजूला रेंज जाते, म्हणून मेढा सोडताना आणि महाबळेश्वरला पोचल्यावर घरी एक-एक मेसेज टाका. बिघाड झालाच तर मेढा, महाबळेश्वर आणि वाई, तिन्ही ठिकाणी एसटीचा डेपो आहे आणि भाड्याचा पिकअपही मिळतो. पुढचं चाक काढलं की सायकल कशातही मावते.

दुकानात कॅसेटसाठी जालच, तेव्हा ब्रेकचे पॅडही तपासून घ्या. रिम ब्रेक असतील आणि रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर पुढचे-मागचे दोन्ही बदला, आणि बदलल्यावर आधी यवतेश्वरवरून एकदा उतरून बघा.